गाढवपणाचा केक

सिसेलने सुरी उचलली, पण छातीकडे नेण्याऐवजी ती मानेकडे नेली. टेबलावर एकतीस नंबरचं डुकराचं मेलेलं पिल्लू कुशीवर पडलं होतं आणि त्याच्या उजव्या कानामागे मसुराएवढा निळसर डाग होता. सुई टोचल्याचा. ती सुई सिसेलचीच होती. भोवतालच्या कातडीसकट तिने तो डाग काढला आणि पायाजवळच्या बादलीत टाकून दिला.

“आधी छाती, सिसेल,” शेजारच्या टेबलावरून इंगेलिस म्हणाली. इंगेलिस या जनावरांच्या रोगांवरच्या संशोधन केंद्राची प्रमुख. स्वतःच्या कामातून मान वर न काढताही तिला दुसऱ्यांचे हात दिसायचे.

“मानेतल्या गाठी बघत होते.”

थाप इतकी सहज निघाली की सिसेलला स्वतःचंच नवल वाटलं. तिने पिल्लू दुसऱ्या कुशीवर वळवलं आणि तिचा हात थबकला. डाव्या कानामागेही तसाच डाग होता. आपण उजवीकडे टोचलं होतं, एकदाच. की डावीकडे? की घाबरून दोन्हीकडे? त्या सकाळी आपलं डोकं ठिकाणावर नव्हतं हे तिला कबूल होतं, पण इतकं? विचार करत बसायची सोय नव्हती. तोही डाग बादलीत गेला.

मग तिने छाती उघडली.

सकाळपासून त्या दोघींनी पाहिलेली बरीच फुफ्फुसं काळपट लाल होती, कलेजीसारखी घट्ट आणि बरगड्यांना आतून चिकटलेली. काही बरी होती, काही अर्धीमुर्धी बरी. एकतीसची फुफ्फुसं मात्र गुलाबी आणि हलकी होती, बोटाने दाबली की पुन्हा फुगून येत होती. इंगेलिस हातमोजे काढतच आली आणि वाकून बघत राहिली.

“अगं बाई,” ती म्हणाली. “हे बघ तरी. प्रेबेन! आत ये. तुझं पोरगं बघ कसं निघालंय.”

प्रेबेन शेडमध्ये पिल्लांचं सगळं बघायचा, खाण्यापासून शेणापर्यंत. तो दारात आला. फुफ्फुसाकडे न बघता पिल्लाच्या तोंडाकडेच बघत तो थोडा वेळ उभा राहिला.

“छान,” असं म्हणून तो आला तसा निघून गेला.

“याला काही सोयरसुतक नाही,” इंगेलिस हसून म्हणाली आणि कॅमेरा आणायला धावली. साठी ओलांडलेली बाई धावली.

फ्योर्डच्या, म्हणजे लांबट खाडीच्या, काठावरच्या त्या केंद्रात इंगेलिसने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती ती एका जंतूपायी. डुकरांच्या फुफ्फुसात शिरणारा जंतू. संध्याकाळी धडधाकट असलेलं जनावर सकाळी नाकाशी रक्ताचा फेस घेऊन मरून पडलेलं सापडतं, आणि मग शेतकरी उरलेल्या सगळ्यांना औषधांवर औषधं टोचत सुटतो. सिसेलचा भाऊ लाउरिट्स त्यांतलाच. दर रविवारी फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “तुझी लस येतेय की मी मेल्यावर येणार?” सिसेल जनावरांची डॉक्टर झाली, या केंद्रात आली, त्यात या प्रश्नाचा वाटा होताच.

लस तयार झाली होती. ती खरी किती उतरते हे पाहायला बत्तीस पिल्लं आणली होती. निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं, आणि कोणाला काय दिलं हे शेडमध्ये पाय टाकणाऱ्या कोणालाही माहीत नव्हतं. ते मुद्दाम तसंच ठेवलेलं, म्हणजे बघणाऱ्याच्या मनातलं त्याच्या डोळ्यात उतरत नाही. नंतर सगळ्यांच्या नाकात तो जंतू सोडला; ठरलेले दिवस झाले की सगळ्यांनाच मारून फुफ्फुसं तपासायची होती. नियम असा की पिल्लाला श्वास घेणं अगदीच अवघड झालं तर त्याला सुखाने मरू द्यायचं, पण औषध द्यायचं नाही. औषध दिलं की त्याला वाचवलं कोणी, लसीने की औषधाने, हे देवालाही सांगता येणार नाही.

आणखी एक नियम होता, पिल्लांना नावं ठेवायची नाहीत. कानातला नंबर तेवढा वाचायचा. प्रेबेनचं म्हणणं, “नाव नाही ठेवलं तरी ओळख व्हायची ती होतेच ना.” आणि झाली. एकतीसचा एक कान जन्मतःच मुडपलेला होता. सिसेल सकाळी अंघोळ करून, केंद्राचे कपडे चढवून शेडमध्ये शिरली की ते गजांतून नाक बाहेर काढून तिच्या पायजम्याची कड चावायला लागायचं. पोट खाजवून दिल्याशिवाय सोडायचं नाही. बाकीची पिल्लं खाण्याच्या बादलीकडे धावायची, हे आधी तिच्याकडे. आपण एका नंबरासाठी रोज पाच मिनिटं लवकर येतो आहोत हे सिसेलच्या लक्षात आलं होतं, पण तिने ते स्वतःलाही कधी सांगितलं नाही.

जंतू सोडल्यावर दुसऱ्या सकाळी ते गजांशी आलं नाही. कुत्र्यासारखं बसलं होतं, पुढचे पाय फाकवून, तोंड उघडं टाकून. डुकराने असं बसणं म्हणजे काय हे तिला पक्कं ठाऊक होतं. झोपलं तर छाती भरत नाही, म्हणून बसायचं. सकाळची तपासणी तिची, संध्याकाळची प्रेबेनची. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर प्रेबेन त्याला शेवटचं इंजेक्शन देणार. तिला बघून पिल्लाने शेपटी हलवली. तेवढी ताकद त्याने कुठून काढली कोण जाणे.

सिसेल औषधांच्या कपाटाशी गेली. पेनिसिलिनची बाटली हातात घेऊन तिने मनाशी हिशेब मांडला. इतकं आजारी पडलं म्हणजे हे मिठाच्या पाण्याचं. लस मिळालेलं असतं तर ही गत झाली नसती. आणि पाण्याचं पिल्लू बरं झालं तर लस उलट फिकीच दिसेल, तिचं उगाच कौतुक होणार नाही. म्हणजे नुकसान झालंच तर आपलंच. असा साळसूद हिशेब करून तिने सुई टोचली, आणि तिच्या हाताला मान घासत ते पिल्लू तसंच बसून राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते उभं होतं.

फुफ्फुसं तपासून झाल्यावर आठवड्याने पडदा उघडला. कॉफीच्या खोलीत इंगेलिस संगणकासमोर बसून एकेक नंबर मोठ्याने वाचत होती, लस की पाणी. प्रेबेन खिडकीशी राईच्या पावावर लिव्हरची पेस्ट फासत होता. डुकरांचं करून डुकराचंच खाणं यात तिथे कोणाला काही वावगं वाटत नाही.

“एकतीस,” इंगेलिस म्हणाली आणि मुद्दाम थांबली. “लस!”

प्रेबेनच्या हातून चाकू खाली पडला. सिसेलने टेबलाची कड धरली.

“एवढा आनंद झाला होय दोघांना?” इंगेलिस म्हणाली. “मलाही झालाय. सगळ्यांत जास्त आजारी पडलेलं, आणि त्याच्या छातीत जंतूचा मागमूस नाही. लसीने नुसतं झेललं नाही, झाडून बाहेर काढलं. एकतीस नसतं ना, तर हे आकडे उभेच राहिले नसते. अगदी काठावर आहेत.”

म्हणजे खरी बातमी वेगळीच होती. लस मिळालेलं एक पिल्लू मरायला टेकलं होतं. ती बातमी सिसेलने एका सुईत दाबून टाकली होती, आणि वर ती आता विजय म्हणून मिरवायला निघाली होती.

त्यानंतरचे दिवस तिने चोरासारखे काढले. इंगेलिसने त्या गुलाबी फुफ्फुसाचा फोटो मोठा करून कॉफीच्या यंत्रावर लावला. यंत्राशी गेलं की तो समोर. सिसेल कॉफीऐवजी नळाचं पाणी प्यायला लागली. इंगेलिस तर नव्या नवरीसारखी हरखून गेली होती. तिच्या अंगणात ताडपत्रीखाली एक शिडाची होडी कित्येक उन्हाळे तशीच पडून होती. नवरा होता तेव्हा दोघांनी घेतलेली. “या जूनमध्ये निवृत्ती,” ती भेटेल त्याला सांगत होती, “आणि जुलैत मी पाण्यावर. लस तुम्ही सांभाळा.”

रविवारी लाउरिट्सचा फोन आला.

“ऐकलं मी! तुमच्या बाईंनी आमच्या डॉक्टरला सांगितलं म्हणे. झाली ना एकदाची?”

“अजून खूप काही व्हायचंय.”

“तू कधी चांगलं बोलायचंच नाही असं ठरवलंयस का? दोन पोती लस आधी मला द्यायची हं, मी भाऊ आहे.”

“लस पोत्यात नसते, लाउरिट्स.”

तो हसला. तिला हसू आलं नाही. त्याच्या शेतावरची सातशे डुकरं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, लस टोचलेली, तिच्या भरवशावर सोडलेली. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने खोबऱ्याचं पाकीट बाहेर काढलं.

केंद्रात एक रीत होती. ज्याच्या हातून गाढवपणा घडेल त्याने दुसऱ्या दिवशी केक आणायचा. पहिला तुकडा कापायच्या आधी आपण काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, सगळ्यांनी पोटभर हसायचं, आणि केक संपला की विषय संपला. पुन्हा तो काढायचा नाही, भांडणातसुद्धा नाही. फाटक उघडं टाकून पिल्लांना व्हरांड्यात फिरायला पाठवणाऱ्यापासून इंगेलिसच्या मोटारीला मागून ठोकणाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्या टेबलाने पोटात घातलं होतं. एवढा मोठा गाढवपणा त्या टेबलाला पेलेल का, याची मात्र सिसेलला शंका होती. तिला दुसरी रीत ठाऊक नव्हती. केक भट्टीतून काढून तिने वर लोणी, तपकिरी साखर आणि खोबऱ्याचा थर घातला, पुन्हा आत सरकवला आणि तो खरपूस होईपर्यंत भट्टीसमोर जमिनीवर बसून राहिली. नोकरी जाईल हे तिने गृहीत धरलं होतं. होडीचा विचार मात्र तिच्याने करवेना.

सोमवारी केक दोन्ही हातांत धरून तिने कॉफीच्या खोलीचं दार कोपराने ढकललं. टेबलावर आधीच एक केक होता. मध्ये खोल बसलेला, कडा करपलेल्या. त्याच्यामागे प्रेबेन, ओले केस नीट भांग पाडून, फोटो काढायला बसवल्यासारखा ताठ बसला होता.

“आणखी एक?” इंगेलिस यंत्राशी कप भरत होती. “आज गाढवांचा मेळावा आहे की काय? प्रेबेन, हा तू स्वतः भाजलास? इतकी वर्षं बेकरीतून आणायचास, आज काय मोठं पाप केलंस?”

प्रेबेनने घसा खाकरला. सिसेल केक हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“एकतीसला मी औषध टोचलं,” प्रेबेन म्हणाला.

इंगेलिसच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. निरोप न मिळालेल्या पाहुण्यासारखं थोडा वेळ ते तिथेच राहिलं.

“काय केलंस?”

“पेनिसिलिन. त्या संध्याकाळी मी त्याला मारायला गेलो होतो. सुई भरलेली होती. त्याने माझ्याकडे बघून शेपटी हलवली गं. तीसेक वर्षं डुकरं मारतोय मी, मला काही वाटत नाही. त्या दिवशी वाटलं. म्हटलं पाण्याचंच असणार, आपल्या लसीला काय फरक पडतोय. दुसरी सुई भरली. मग तू त्या दिवशी ‘लस’ म्हणालीस, आणि तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये.”

सिसेलने तिचा केक टेबलावर ठेवला. ताटलीचा आवाज झाला.

“मी पण,” ती म्हणाली.

“तू पण काय?” इंगेलिसने विचारलं.

“एकतीसलाच. त्याच दिवशी सकाळी.”

प्रेबेनने तिच्याकडे पाहिलं. “सकाळी? मग मी गेलो तेव्हा तुझं औषध आधीच आत होतं?”

“हो.”

“कुठं टोचलंस?”

“उजव्या कानामागे.”

प्रेबेनचा हात नकळत स्वतःच्या मानेकडे गेला, डाव्या बाजूला.  

इंगेलिस खाली बसली. एकदाच, मोठ्याने, भसकन हसली आणि थांबली. “दोघांनी,” ती म्हणाली. “माझ्या शेडमधली दोन्ही माणसं.” मग तिचा आवाज उतरला. “म्हणजे लस दिलेलं पिल्लू मरत होतं.”

“हो,” सिसेल म्हणाली.

“आणि ते गुलाबी फुफ्फुस पेनिसिलिनचं.”

 बाहेर फ्योर्डवर वारा होता, खिडकीची झडप आपटत होती. इंगेलिस उठली. यंत्रावरचा फोटो तिने काढला, दोन घड्या घातल्या आणि कुठे ठेवावा ते न सुचून खिशात घातला. परत येऊन तिने सुरी उचलली. आधी प्रेबेनच्या केकचा तुकडा कापला, मग सिसेलच्या. दोन्ही तुकडे स्वतःच्या ताटलीत घेतले आणि ती खायला लागली. प्रेबेनचा केक चावताना तिला बराच वेळ लागला. तिने कण शिल्लक ठेवला नाही.

“रीत ती रीत,” तोंड पुसत ती म्हणाली. “तुमच्यापुरता विषय संपला. मी पुन्हा काढणार नाही, भांडले तरी. वर कळवताना जे घडलं तेच कळवायचं, ते तू लिही, सिसेल. सही मी करीन.”

सिसेलचे डोळे भरून आले. तिला वाटलं होतं मोकळं वाटेल. वाटलं नाही.

“आता बत्तीस पिल्लं मागव,” इंगेलिस म्हणाली. “पुन्हा पहिल्यापासून.”

“आणखी बत्तीस?” प्रेबेनने विचारलं.

“मग काय, केकवर भागवायचंय?”

 बत्तीस पिल्लं, बत्तीस नाकं, पुन्हा तोच जंतू, पुन्हा ते कुत्र्यासारखं बसणं. एकाला वाचवायला गेलो ते हे, असं सिसेलच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. इंगेलिसने कप धुऊन पालथा घातला. दारापाशी थांबून, मागे न बघता ती म्हणाली, “होडीवरची ताडपत्री फाटत चाललीय एका बाजूने. उन्हाळ्याआधी नवी घ्यायला हवी.”

नवी पिल्लं मार्चमध्ये आली. सिसेल आणि प्रेबेन अंघोळ करून, केंद्राचे कपडे घालून शेडमध्ये शिरले तेव्हा ती कोपऱ्यात एकमेकांवर रचल्यासारखी झोपली होती. प्रेबेनने बादली वाजवली. सगळी उठून खाण्याकडे धावली. त्यांतलं एक मात्र गजांकडे आलं, जरा वास घेतला आणि सिसेलच्या पायजम्याची कड तोंडात धरून ओढायला लागलं. कान दोन्ही सरळ होते. बाकी तसंच.

प्रेबेनने ते पाहिलं. बादली खाली ठेवून तो हळूच पाठमोरा झाला आणि भिंतीवरचं थर्मामीटर वाचायला लागला.

“मी काही पाहिलं नाही हं,” तो म्हणाला.

सिसेल तशीच उभी राहिली. तिचा हात पिल्लाच्या पोटाकडे अर्धा गेला होता. तिने तो मागे घेतला, वाकून त्याच्या दातांतून कड हलकेच सोडवली आणि गजांपासून एक पाऊल दूर झाली.

“मी पाहिलं,” ती म्हणाली.

पिल्लू नाक बाहेर काढून थोडा वेळ वाट बघत राहिलं, आणि मग बादलीकडे गेलं.